जवळपास आलात तर अवश्य या

रविवार, सकाळ

तोकिएताईस,

धाकट्या शुन्साकुचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार.

पत्राची सुरुवात हवामानापासून करायची असते, म्हणून कळवतो की डोंगर तांबडे झालेत आणि सकाळी नळाचं पाणी बोटांना झोंबतं. (अडतीस वर्षं पाणीखात्यात काढलेल्या माणसाचं हवामान नळातूनच येणार.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी गेल्यावर घेतलेलं नवं घर अंगवळणी पडलं का? माझी काळजी करू नकोस, मी अगदी मजेत आहे. तुझी भावजय हारुयो जाऊन दोन वर्षं झाली, मला निवृत्त होऊन आठ महिने. कधी कधी दोन-दोन दिवस माझ्याशी फक्त न्हाणीघरातलं यंत्र बोलतं. ‘आंघोळीचं पाणी तापलं आहे’ म्हणतं, मोठा गोड आवाज आहे बाईचा. मी ‘आलो, आलो’ म्हणतो. हे कुणाला सांगू नकोस.

तर घरात बसून भिंतींशी ओळख वाढवण्यापेक्षा मी दर रविवारी गाडीनं कुठल्या तरी गावाला जाऊन संध्याकाळी परत येतो. घरात गप्प बसलेला म्हातारा एकटा दिसतो, गाडीत गप्प बसलेला प्रवासी दिसतो, एवढा मोठा फायदा आहे. बाकी माझा प्रवास म्हणजे आनंदच. त्सुयामाला किल्ला पाहायला गेलो, तर वर नुसते दगडी तट उरलेले. तेच तासभर पाहिले, कारण परतीची गाडी तासाभरानं होती. एका गावाला तर उतरलोच नाही. लहान स्टेशनांवर फक्त पुढच्या डब्याचं पुढचं दार उघडतं, हे ठाऊक असूनही मी मागच्या दाराशी अदबीनं उभा राहिलो, आणि गाव निघून गेलं. (गार्डाची माफी मात्र मीच मागितली.)

खरी पंचाईत खाऊची. परगावी गेलं की कचेरीत सगळ्यांसाठी खाऊ आणायचा, ही सवय हाडात मुरलेली. आमच्या विभागात बारा माणसं, म्हणून हात आपोआप बारा मांजूंच्या, त्या गोड सारणाच्या वाफवलेल्या गोळ्यांच्या, खोक्याकडे जातो. पहिलं खोकं जुन्या कचेरीत घेऊन गेलो, तर खिडकीवरच्या नव्या मुलीनं मला नंबर घेऊन बसायला सांगितलं. दुसरं शेजारच्या इशिमोरीबाईंना दिलं. त्यांनी परतफेड म्हणून तांदळाच्या कुरकुरीत वड्या दिल्या. वड्या आल्या म्हणून मी लोणचं दिलं, लोणच्यावर त्यांनी सफरचंदं पाठवली. हे महिनाभर चाललं. आता माझी पावलं जिन्यावर वाजली की त्या घरातला टीव्ही बंद करतात. बिचारीची चूक नाही, घेतलं की द्यावं लागतं, आणि माणूस थकतो.

गेल्या रविवारी दुकानातल्या मुलीनं खोकं बांधताना विचारलं, “वाटायला लहान पिशव्या किती देऊ?” साधा प्रश्न. माझ्यामागे चारजण उभे. मला ‘एकही नको’ म्हणवेना ग. म्हटलं, बारा. तिनं बारा पिशव्या मोजून दिल्या आणि मला एकदम रडू यायला लागलं. मी शिंक आल्यासारखं केलं.

परतीच्या गाडीत खोकं उघडून एक-एक खात बसलो. समोर मुळ्यांची जुडी घेऊन एक आजीबाई होत्या, नव्वदीच्या तरी असतील.

“एवढं कुणासाठी रे?”

“कचेरीतल्या लोकांसाठी,” मी तोंड भरलेलं असताना म्हणालो.

“मग तूच का संपवतोयस? कुणी नाही वाटतं तुला?”

“आहे की! थोरली बहीण आहे. मघाचं स्टेशन गेलं ना, तिथंच राहते.”

“अन् उतरला नाहीस?”

मी सांगितलं, बोलावल्याशिवाय कसं जायचं? तुझं घर बदलल्याचं कार्ड आलं होतं, त्यावर ‘जवळपास आलात तर अवश्य या’ असं होतं. पण ते सगळ्यांच्याच कार्डांवर असतं, ती ओळ छापखानेवालाच टाकतो.

“मग जा त्या छापखानेवाल्याकडे राहायला!” आजीबाई म्हणाल्या, माझ्या खोक्यातले दोन मांजू उचलले आणि पुढच्या स्टेशनावर उतरल्या. परतफेडीला मुळासुद्धा दिला नाही. आठ महिन्यांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

असो. यातून मी काही सुचवतोय असं मुळीच समजू नकोस. मला वेळ कुठे आहे? थंडी वाढतेय, गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ,
शुन्साकु

ता. क. तुझ्या स्टेशनावरून मी आजवर नऊ वेळा गेलो आहे. गाडी तिथे चार मिनिटं थांबते, समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत. एवढंच विचारायचं होतं: ती ओळ छापखानेवाल्याची, की तुझी?

आणखी एक. पाकिटावर तिकीट नाही, त्यात पोस्टमनचा दोष नाही. हे पत्र मीच तुझ्या पेटीत टाकतो आहे. बेल वाजवणार होतो, पण न कळवता येणं बरं दिसत नाही, म्हणून कळवतो आहे. मी स्टेशनच्या बाकावर आहे. परतीची गाडी तीन चाळीसला, त्यानंतरची सव्वापाचला. दोन्ही चुकल्या तरी चालतील.