चंचीतल्या गोळ्या

सांगली,
८ ऑगस्ट १९९४

ती. आजीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तू दहिवडीला सुखरूप पोचलीस, हे राजारामकाकांनी फोनवर सांगितले. साताऱ्याच्या दवाखान्यात नुसते झोपवून ठेवले, औषध काही दिलेच नाही, अशी तुझी तक्रार आहे म्हणे. घरात नर्स मी आहे, आणि साताऱ्यात तुझ्या उशाशीही मीच होते, म्हणून उत्तर देते.

झोप येईना की तू पान लावतेस. झोपेच्या गोळ्या पानाच्या चंचीत सुपारीशेजारी ठेवल्यास आणि दर पानाबरोबर एक घेत गेलीस. वर शेजारच्या बयाबाईंनी दिलेले खोकल्याचे औषध, तेही गुंगीचेच. दोन्ही मिळून श्वास मंद करतात, जीभ मागे पडते, माणूस झोपेतच जातो. उपाय एकच, श्वास चालू ठेवणे. त्यासाठीच तुला कुशीवर निजवून ऑक्सिजन लावला आणि अंमल उतरेपर्यंत पहारा ठेवला. उतारा म्हणून एक इंजेक्शन असते, पण रोज गोळी घेणाऱ्याला त्याने झटके येऊ शकतात. म्हणून दिले नाही. साक्षीकाकीने उलटीसाठी मिठाचे पाणी पाजले, ते मात्र पुन्हा कोणी करू नये. गुंगीत पाणी फुप्फुसात जाते.

गोळ्या काकीकडे दे. एकदम बंद करू नकोस. डॉक्टर हळूहळू कमी करतील.

लोभ आहेच, तो वाढवण्याआधी चंची रिकामी कर.

तुझी,
आम्रपाली

दहिवडी,
२१ ऑगस्ट १९९४

चि. आम्रपालीस भामाआजीचे अ. आ.

पत्र म्या सोता वाचलं. साक्षरतेच्या वर्गात गिरवलेलं कामी आलं. गोळ्या साक्षीकडं हायत. मेंढराला औषध पाजावं तशी जबडा धरून एक घालती, अन् गिळली का म्हनून जीभ उचलून बघती.

बयाबाई साऱ्या आळीत सांगत हुती, भामीनं इख खाल्लं. अन् परवा तीच उंबऱ्यात आडवी! नवऱ्याच्या झोपंच्या गोळ्या अन् ती खोकल्याची बाटली, दोनी घेतलेलं. घुरत हुती. लोक मिठाचं पानी घिऊन आलं. म्या तांब्या लाथाडला, तिला कुशीवर वळवली, हनुवटी वर धरली अन् जीपमधनं दवाखान्यात नेली. वाटंत मनगट धरून श्वास मोजत बसले. डॉक्टर लय हसलं. म्हनलं की आजी, श्वास छातीवर मोजत्यात. बया वाचली. शुद्धीवर आली तशी च्यात साखर कमी हाय म्हनून भांडली.

आता मला सांग. साताऱ्यात तुज्या डोळ्यात टिपूस न्हवतं म्हनून साक्षी तुला दगड म्हनती. पर माजं मनगट तू सोडतच न्हवतीस, हे बी तीच सांगती. श्वास छातीवर मोजत्यात, तर मनगट कशाला गं धरलं हुतंस?

माया पातळ करू नगंस.

तुजी आजी,
भामाबाई

सांगली,
३० ऑगस्ट १९९४

ती. आजीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तांब्या बाजूलाही ठेवता आला असता. बाकी सर्व बरोबर केलेस. बयाबाईंना माझा नमस्कार, आणि साखर कमीच असू दे. रजा मिळाली की येते. चंची तपासणार आहे.

मनगट नाडी बघायला धरतात. तुझी नाडी ठीक आहे, हे मला लगेच कळले होते.

तुझी,
आम्रपाली