पप्पांसाठी पूर्ण दंडमाफी

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ५.४०
आजपासून आठ दिवस. मी सगळं नेटवर इंग्रजीत वाचलं आहे, त्यामुळे अवघड काही नाही. कन्फेशनमध्ये पाप माफ होतं, पण शिक्षा थोडी शिल्लक राहते. ती मेल्यावर शुद्धिस्थानात भोगायची. मात्र १ ते ८ नोव्हेंबर कबरस्थानात जाऊन प्रार्थना केली, तर एका मृताची पूर्ण शिक्षा माफ होते. दिवसाला एकच. अटी: कन्फेशन, मिस्सेच्या उपासनेत कम्युनियनचा प्रसाद, पोपसाहेबांच्या हेतूंसाठी प्रार्थना. आणि शेवटची, मनात कुठल्याही पापाची ओढ नको. बारीकसुद्धा नको.
शेवटची अट मला सोपी आहे.
पप्पा जूनमध्ये टेम्पो चालवतानाच अटॅकने गेले. शेवटच्या संस्काराला फादर पोचायच्या आत. त्याआधी चार वर्षं चर्चची पायरी चढले नव्हते. घरात पदवीधर मी एकटी. म्हणजे पप्पांची सुटका माझ्यावर आहे.

दुपारी १
कन्फेशन उत्तम झालं. तेवीस पापं कागदावर लिहून नेली होती. चौदाव्याला फादर म्हणाले, "मारिया, बाहेर लाईन लागलीय." कॉलेजच्या गेटचा विषय यादीत घेतला नाही. तो गैरसमज होता, पाप नव्हे.
कबरीवर आई आधीच खुरपं घेऊन गाजरगवत काढत बसलेली. तिला अटी समजावल्या. म्हणाली, "येवढं कुठं ध्यानात राहतंय? फादर म्हनले तसं करते मी." गरीब बिचारी.
परतताना वाटलं, आख्ख्या पॅरिशमध्ये इतकी तयारी कुणाची नसेल.
हा गर्व धरतात का? धरत असतील तर आजचा दिवस गेला. हरकत नाही. सात आहेत.

२ नोव्हेंबर, रविवार
झुंबरआत्याकडे गेले. तिच्या भिंतीवर पोपसाहेबांचा आशीर्वाद फ्रेम करून लावलाय, लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा रोमहून आलेला. म्हणाली, "आमचं घरच्या घर सुटलंय बग. तुजा बाप आला असता तवा अर्जावर सई करायला, तर त्योबी सुटला असता."
मी शांतपणे समजावलं, की आशीर्वाद म्हणजे दंडमाफी नव्हे. तो कागद भिंतीवर आहे म्हणून कुणाची शिक्षा कमी होत नाही. आत्या म्हणाली, "बीए झाली म्हून पोपाला शिकीवती व्हय गं?"
यानंतर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.
गेला.

३ नोव्हेंबर, सोमवार
संस्कृतीचं स्टेटस: बँकेत सिलेक्शन. कॉलेजची माझी जवळची मैत्रीण. मनापासून आनंद झाला. साडेअकरापर्यंत टिकला.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सायमनने माझा चार्जर तोडला. धाकटा भाऊ आहे म्हणून किती सोसायचं?
गेला.

५ नोव्हेंबर, बुधवार
नवीन योजना: मौन. तोंड बंद तर पाप होणारच कसं?
आईला वाटलं घसा धरला. हळद-दूध आलं. मग शेजारीण आली. मग झुंबरआत्या आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "परवा तोंड लई चाललं ना, बसली वाचा." आईसुद्धा हसली. मी खोलीत जाऊन दार आपटलं. आवाज बोलण्यापेक्षा मोठा झाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी
लिहायचं नव्हतं.
डिग्रीचे पेपर्स आणायला कोपरगावला गेले होते. स्टँडवर संस्कृती भेटली. आम्ही बोलत असताना सायमन मला न्यायला टेम्पो घेऊन आला. पप्पांचाच टेम्पो. मागे लाल रंगात लिहिलेलं अजून आहे: कु. मारिया बी.ए. रिझल्टच्या दिवशी पेंटर बोलावून लिहून घेतलं होतं त्यांनी. गावात कुणी टेम्पो म्हणत नाही. 'बीए आली का?' असंच विचारतात.
संस्कृतीने विचारलं, "कोण गं हा?"
मी म्हणाले, "आमच्या गावचा टेम्पोवाला."
ती मागे बघून म्हणाली, "आणि मारिया बी.ए.?"
म्हणाले, "आमच्या गावात खूप मारिया आहेत."
सायमनने ऐकलं.
कॉलेजच्या गेटवरही हेच झालं होतं. शेवटच्या वर्षी पप्पा न सांगता घ्यायला आले होते. मैत्रिणींना मी हेच वाक्य सांगितलं. पप्पांनी ऐकलं. दार उघडून म्हणाले, "बसा मॅडम."
मी बसले. मागे.
चोविसावं पाप.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पुन्हा कन्फेशन. या वेळी कागद नाही. फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता वाटते का लाज?" मी म्हणाले, "नाही फादर. संपली." प्रायश्चित्त म्हणून फक्त तीन 'नमो मरिया' म्हणायच्या. बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटलं, की आजचा दिवस नक्की आपला.
समोरच्या गेटवर सायमन बीए लावून उभा होता. आजूबाजूला कॉन्व्हेंटच्या सिस्टर, शाळेतल्या मॅडम.
मी मागच्या गेटने चालत घरी आले.
देवा, एकच दिवस राहिला.

८ नोव्हेंबर, शनिवार
मिस्सा झाली. कम्युनियन घेतलं. कबरस्थानात आई होती. कबर इतकी स्वच्छ, की तिथे मला करायला काही नव्हतं. गुडघ्यावर बसले आणि एकदम रडायला लागले. आईला सगळं सांगितलं: सात दिवस गेले, पप्पांसाठी मला एकही मिळाला नाही. गेटचंही सांगितलं.
आई म्हणाली, "ते ठावं हाय मला. त्यांनी घरी येऊन सांगितलं हुतं. हसत हुते. म्हनले, पोरगी लई मोठी झाली, मला वळखत न्हाई."
मग म्हणाली, "आन त्यांचं कशापायी रडती? त्यांचं पयल्याच दिवशी मागून टाकलं मी."
मी विचारलं, मनात पापाची ओढ नव्हती का? ती म्हणाली, "गवत काढताना कसली आलीय वढ?" दुसऱ्या दिवशी तिने सासूसाठी मागितलं, जी तिला उभं राहू देत नव्हती. मग आजोबा, मग मावशी, मग ज्यांचं कुणी नाही अशा कबरी.
"आन आज?" मी विचारलं.
"आज तुज्यासाठी मागितलं."
ही दंडमाफी फक्त मृतांसाठी असते. जिवंत माणसासाठी दुसऱ्याला मागता येत नाही. नियम अगदी स्पष्ट आहे. मी तीनदा वाचलाय.
आईने खुरप्याची माती पुसली. म्हणाली, "तुला लागू व्हईल ना गं?"
मी म्हणाले, "व्हय."
धडधडीत खोटं. कबरस्थानातच. आठवाही गेला.