देवाच्या दारी धरणे

पुणे, फाल्गुन शुद्ध ३, शके १७१४

ती. पास्कूमामा यांस,
पावलीनचा वाकून नमस्कार, वि. वि. मन घट्ट करून वाचावे. परवा तोफखान्यात वाळत घातलेल्या तोफेच्या दारूने पेट घेतला आणि इनासदादा भाजला. तोंड आणि दोन्ही हात. शुद्ध नाही, ओठांना पाणी लावले तर ओघळून जाते. वैद्यबोवा म्हणाले, घशाखाली काही उतरले तरच आशा.

आपण पाद्रींकडून ऐकून मला यशयाच्या ग्रंथातले देवाचे वचन पाठ करवले होते, की पाण्यातून जा, अग्नीतून जा, मी तुझ्याबरोबर आहे. पण ते वचन इस्राएलाच्या लोकांस दिलेले. पुण्याच्या गोलंदाजाच्या बहिणीने ते मागावे का? याच घोरात होते. शेवटी राहवले नाही. थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरतात, तशी दादाच्या अंथरुणाशी बसले आहे. देवाला सांगितले, शब्द तुझा आहे. तो पाळल्याखेरीज मी अन्नाला शिवणार नाही. शेजारच्या सोजरबाई म्हणाल्या, सरदाराला निदान दार तरी असते, तुझ्या देवाचे दार कुठे गं?

पाप घडले असेल तर लिहावे. रागवावे, पण लोभ उणा करू नये.

आपली,
पावलीन


लोणी काळभोर, फाल्गुन शुद्ध ४

चि. पावलीन हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद. पत्र वाचता वाचता चिलीम विझली. तोफांचे बैल माझ्या हवाली आहेत. बदली माणूस मिळताच निघतो.

पाप कसले? लहानपणी गुळाचा खडा मागायच्या आधीच क्षमा मागणारी तू, आणि देवाच्या दारात ठाण मांडलेस! हसूही आले, रडूही. ज्याने वचन दिले त्याच्याकडे ते मागणे हा उद्धटपणा नव्हे. त्याचा शब्द खरा मानणे आहे. इस्राएलाची चिंता तू करू नकोस. तुझ्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती धरून मीच उभा होतो. तू त्याच्या घरचीच आहेस.

पण पोरी, धरण्याचा रिवाज विसरलीस. पगारासाठी मीही दारे अडवली आहेत. दारातला उपाशी असेतो आतल्या धन्यालाही जेवता येत नाही. तेव्हा देवाला उपाशी ठेवले आहेस, एवढे ध्यानात असू दे! घोटभर ताक तरी घेत जा. या म्हाताऱ्यावर माया राहू द्यावी.

तुझा मामा,
पास्कू


पुणे, फाल्गुन शुद्ध ६

ती. मामांस,
नमस्कार, वि. वि. आपण थट्टेने लिहिलेत, पण ती ओळ वाचून माझ्या अंगावर काटा आला. आधी भय वाटले. देवाला उपाशी ठेवणारी मी कोण? उठून जेवावे असेही मनात आले. मग दादाकडे पाहिले. इतका वेळ मी बाहेरून हाका मारत होते, आणि आत देवही उपाशीच होता. वचनातले 'तुझ्याबरोबर' ते हेच का, मामा? त्यानंतर मागायला शब्दच उरले नाहीत. खोलीत कोणी वडीलधारे येऊन बसावे तसा पदर सावरला आणि नुसती बसून राहिले.

आज सकाळी दादाने पेज मागितली. पाणचट केलीस तर बघ, असेही म्हणाला. दोन पळ्या गिळल्या. डावा डोळा गेला, असे वैद्यबोवा सांगतात. उजव्याने त्याने मला ओळखले. सोजरबाई दारातून पाहून गेल्या आणि भाकरी ठेवून गेल्या.

मी घास उचलला, पण तोंडाशी नेववेना. आतही आत्ता पान वाढले असेल, असे मनात आले. घरातल्या वडिलांनी पहिला घास घ्यावा म्हणून थांबतात, तशी थांबले. मग जेवले.

आपण लवकर यावे. आहे तो लोभ तसाच असू द्यावा.

आपली,
पावलीन