पाचव्या ओळीपर्यंत

प्रिय ठमे,

आठ महिन्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर पूर्ण वाचून फाड, एवढं मावशीचं ऐक.

तुझी आई बरी आहे असं लिहायला हात धजत नाही. तुझ्या बाळाला घेऊन जिना उतरताना ती तीन पायऱ्या घसरली, बाळाच्या कपाळाला टाके पडले, आणि तुझं कधीच कशात लक्ष नसतं असं तिला सुनावून तू निघून गेलीस. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तुझंच पटलं होतं. चौकटीला खांदा आपटायचा, टेबलाच्या कडेचा भरलेला कप पाडायचा, कुणी शेजारून हाक मारली की दचकायचं. आपण सगळे तिला धांदरट म्हणून हसत होतो, आणि त्यात मी सगळ्यात पुढे.

वर्षातून एका रविवारी भरणारं माझं नेत्रशिबिर तुला ठाऊकच आहे. शाळेचा हॉल, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, दाराबाहेर रांग. आम्हा स्वयंसेवकांचा एक नियम होता, तो मीच घालून दिलेला. तक्त्यावरची पाचवी ओळ वाचली की कार्डावर ‘नजर ठीक’चा शिक्का मारायचा आणि माणसाला घरी पाठवायचं. डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र एकच, माणसामागे पाच मिनिटं खाणारं, म्हणून ते फक्त वाचताना अडणाऱ्यांसाठी. रांग भराभर सरकायची. आज तीनशे माणसं तपासली, असं मी घरी येऊन मिरवायचे.

तुझी आई दरवर्षी यायची, रांगेतल्यांना पाणी द्यायची आणि सगळ्यात शेवटी स्वतः खुर्चीवर बसायची. चार वर्षं तिने पाचवी ओळ घडाघडा वाचली. चारही शिक्के माझ्या हातचे आहेत. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, तरी समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं, नजर कडेने जाते, हे मला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मला माहीत होतं, ठमे. रांगेच्या नादात मी ते गुंडाळून ठेवलं.

ती पडल्यावर महिन्याभराने मी तिला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदूच निघाला. उजवा डोळा गेलाय. डाव्यात मधला तुकडा तेवढा उरलाय. औषधाचे थेंब चालू आहेत, पण गेलेलं परत येत नाही. हल्ली मी शिबिराची जुनी कार्डं काढून एकेकाला फोन करते. काही जण तपासून घ्यायला येतात. एका शिंप्याच्या बायकोने फोन घेतला आणि ते आता शिवत नाहीत, एवढंच म्हणाली.

तुला कळवायचं नाही अशी शपथ तुझ्या आईने मला घातली होती. तुझा राग तिला परवडतो, कीव नको. ती शपथ मी आज मोडतेय, कारण हा आजार घराण्यात उतरतो आणि तू आता चाळिशीला टेकलीस. दाब आणि कडेची नजर दोन्ही तपासून घे, नुसता तक्ता वाचून उठू नकोस. तुझा राग माझ्यावर काढ, तो माझ्याच वाट्याचा आहे. आणि बाळाला घेऊन ये. डॉक्टर परवा म्हणाले, डावा डोळा फार तर वर्षभर. तू समोर बसलीस तर तुझा चेहरा तिला अजून पूर्ण दिसेल. बाळ मांडीवर असेल तर मात्र तिला आधी एकाकडे बघावं लागेल, मग दुसऱ्याकडे.

तुझीच,
मावशी