शुरीचा शिक्का

शुरी, आठवा महिना. (जपानी वर्ष घालण्याचा हुकूम आहे, मी घातलेलं नाही.)

चि. माचू यास अनेक आशीर्वाद.
तू चीनमध्ये फूचौला सुखरूप पोहोचल्याचं गलबतावरच्या खलाशाकडून कळलं. महाराजांना तोक्योला नेलं ते तू पाहिलंसच. आता आपलं रियुक्यू राज्यही म्हणे जपानचा एक जिल्हा. परवा त्यांचे अधिकारी घरी आले. नव्या सरकारशी निष्ठेनं वागू, असं लिहिलेल्या कागदावर शिक्का उठवा, पगार चालू राहील, म्हणाले. मी म्हटलं, जन्मभर एका राजाच्या नावानं शिक्के उठवले, दुसऱ्यासाठी हात उचलत नाही. तुझी आई म्हणते, म्हाताऱ्याला तळलेलं पचत नाही आणि निघालाय सरकारशी भांडायला. आपलं राज्य परत मिळवून द्या, असा चिनी दरबारात तू अर्ज करत राहा.
तुझा बाप,
योनामिने सेइकेन

फूचौ, दहावा महिना.

ती. बाबांना सा. न. वि. वि.
इथले अधिकारी अर्ज घेतात, चहा पाजतात, वाट पाहा म्हणतात. मी इथल्या पुरुषांसारखी लांब वेणी राखली आहे. आई ओळखणार नाही. शिक्का न देणाऱ्यांना तिथे आढ्याला टांगून मारतात असं ऐकलं. बाबा, उठवा शिक्का. मनातलं कोण बघतंय? भांडायला मी आहे, तुम्ही जगा.
आशीर्वाद असू द्यावा.
माचू

शुरी, बारावा महिना.

प्रिय दादास कामादोचा नमस्कार.
शेजारच्या गुरुजींकडून लिहवून घेते आहे. तुझं पत्र वाचून बाबा म्हणाले, पोरगं मायेपोटी चुकतंय. दुसऱ्याच दिवशी त्यांना धरून नेलं, खूप मारलं. मग काकांनीच घरातून बाबांचा शिक्का नेऊन कागदावर उठवला आणि त्यांना सोडवून आणलं. बाबा काकांवर रागावले नाहीत. चालता येत नव्हतं, म्हणून मला म्हणाले, पाठीवर घे आणि चौकीवर चल. चौकीसमोर, सगळ्यांदेखत त्यांनी सांगितलं की शिक्का माझा, पण हात माझा नव्हता, नाव खोडा. अधिकारी म्हणाला, घरी जा म्हाताऱ्या, कागद वर गेला. बाबा माझ्या पाठीवरून उतरून तिथेच बसले. त्यांना पुन्हा आत टाकलं.
आई रोज रताळ्याची पेज नेते. कोणासाठी, असं पहारेकरी विचारतो. महाराजांच्या दप्तरातल्या योनामिनेंसाठी, म्हणते. कैदी म्हण, असं तो दरडावतो. ती भांडं मांडीवर घेऊन दारातच बसते. काल बर्फासारखा गार वारा होता, तरी उठली नाही. शेवटी त्यानंच आत हाक दिली की योनामिनेसाहेबांची पेज आलीय.
बाबांचा निरोप आहे, अर्ज थांबवू नकोस. आमची आठवण काढ, पण परतू नकोस.
तुझीच,
कामादो