डाव्या कुशीवरची रात्र

९ नोव्हेंबर, बोटीवर
पहाटेच्या वॉचला उभ्या उभ्या डोळा लागला. दुर्बीण गळ्यात, मान खाली. मेटसाहेबानं पाठीत थाप मारली. समोरून मच्छीमारांची होडी गेली म्हणे, मला पत्ताच नाय. सहा तास झोपून उठलेलो. दारू नाय, काय नाय. पण कोण ऐकतंय.

१० नोव्हें.
सलीमभाय रत्नागिरीचा, मला गावावरनं 'पनवेल' म्हणतो. केबिनमध्ये खालच्या बंकवर तो, वर मी. त्यानं माझं घोरणं मोबाईलवर घेतलंय. ऐकवलं. घोरतोय, घोरतोय, मग एकदम गप. सलीमभाय आकडे मोजतोय, बावीसपर्यंत. मग मी पाण्यातून वर आल्यासारखा श्वास ओढतो.
"पनवेल, तू घोरत नायस. बुडतोस."
आबा आठवले, माझे वडील. ते घोरायला लागले की आम्ही पोरं हसायचो, आबांनी इंजिन चालू केलं. आबा झोपेतच गेले. वय बेचाळीस.

१३ नोव्हें.
कॅप्टननं बंदरावरच्या डॉक्टरकडे धाडलं. मानेचा घेर मोजला, घसा बघितला. झोपेत श्वास बंद पडतो, टेस्ट करा, रात्री श्वास द्यायची मशीन लागेल. टेस्टची तारीख मात्र नाय. तोवर वॉच बंद. किचनमध्ये बसून कांदे सोलायचे. डेकवरचा माणूस मी!

१९ नोव्हें.
साईन ऑफ, बोटीवरनं उतरवलं. घरी जा, टेस्ट कर, रिपोर्ट दाखव, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत.

२४ नोव्हें., नेरे
आईनं गावात सांगून ठेवलंय, सुट्टीवर आलाय.
एजंटचा फोन. अकरा डिसेंबरला दुसरी बोट आहे, विमानानं जायचं. रिपोर्ट नॉर्मल असेल तर बॅग भर. आजार निघाला तर मशीन घ्या, ती वापरून दाखवा, परत डॉक्टर, परत सही. "मग तुझा नंबर कधी लागेल, मला नाय सांगता येत."

२९ नोव्हें.
खांदा कॉलनीत झोपेचा डॉक्टर. छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला चिमटा. सगळं घरी न्यायचं, लावून एक रात्र झोपायचं. तिथली मॅडम मला समजावत होती, आणि माझ्याआधी आईच मान हलवत होती.

३० नोव्हें.
झोपलो कधी कळलंच नाय. सकाळी डोकं हलकं. असं किती वर्षांनी. टेस्टची मशीन नेऊन दिली. येताना मार्केटात वडापाव खाल्ला, दोन.

३ डिसेंबर
नॉर्मल! इंग्रजी कुठं वाचता येतंय, सातवीत शाळा सुटली, पण मॅडमनं बोट ठेवून दाखवलं. एजंटला फोटो पाठवायला मोबाईल काढला, तेवढ्यात ती विचारते, "दादा, तुम्ही रात्रभर डाव्या कुशीवरच झोपता का?" पट्ट्याला तेपण कळतं.
मी लहानपणापासून उताणा झोपतो.
फोटो पाठवला नाय.

संध्याकाळी
आई मेथीच्या जुड्या बांधत होती, सकाळी पनवेलला न्यायच्या. विचारलं. मान वर नाय केली.
"मीच धरलेला तुला. पाठीमागं बसून. उताणा झालास का श्वास अडकायचा, वळवायची."
"रातभर?"
"मंग काय. आबांना पन कोपर मारायची. मारला का श्वास घेयाचे."
डोकं सणकलं. ओरडलो. टेस्ट होती ती, मला बरा करायला नव्हती दिली! नोकरी काय तू देणार? काय काय बोललो. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली,
"आबा गेले त्या राती मी उरणला हळदीला गेलेली, बाला."
इतक्या वर्षांत हे कधी नाय बोलली. मी पण मग जुड्या बांधायला बसलो.

५ डिसें.
एजंट: "अरे रिपोर्ट पाठव ना!" उद्या म्हटलं. कागद बॅगेत आहे. खोटा नाय, सही-शिक्का सगळं आहे. पाठवला की अकराला विमान. आणि नव्या केबिनमध्ये कोण असेल? त्याला काय पडलंय आकडे मोजायचं?
सलीमभायला फोन लावला, सगळं सांगितलं.
"तुझ्या आईला पण साईन ऑन करून घे मग." स्वतःच हसला. मग फोन ठेवला.

७ डिसें.
परत खांदा कॉलनी. मॅडमला खरं काय ते सांगितलं. तिला हसू आलं, मला नाय आलं. डॉक्टरनं डोक्याला हात लावला आणि टेस्टची मशीन परत लावायला दिली. आज एकटंच झोपायचं. रिपोर्ट दहाला सकाळी. त्यात आजार निघाला तर अकराचं विमान गेलं. नाय निघाला तर...

रात्री
आईला सांगितलं, आज शेजारी काकीकडे झोप. "जाते," म्हणाली. जेवण झालं, चटई काखेत घेऊन बाहेर पडली. मी आतून कडी घातली.
पट्टा बांधला. नळी, चिमटा. चिमट्याच्या बोटानं लिहिता येत नाय नीट. जुना कागद बॅगेतच आहे, फाडला नाय.
ओटीवर बांगड्या वाजतायत. काकीकडे गेलीच नाय. हाक मारून सांगितलं, आत यायचं नाय. "नाय येत," म्हणाली. परत बांगड्या.
झोप आलीय खूप. दिवा घालवायचाय. कडी राहू दे की काढू, तेवढंच ठरत नाय.