चार कोऱ्या ओळी

अकोला
४ नोव्हेंबर १९६२

ती. मैनाताईस,
जयवंताचा सप्रेम जयभीम वि. वि.

शेंदूरजन्याची संत्री पोहोचली. सासूबाईंनी टोपली माझ्या उशाशी ठेवली आहे आणि मी खाते की नाही ते रोज साली पाहून ठरवतात. ह्यांची ड्यूटी अजून मूर्तिजापूरलाच आहे.

मला सातवा लागला. एक सांगायचं आहे, हसू नकोस. दर सोमवारी सासूबाई मला दवाखान्यात नेतात. आतल्या टेबलाला पडदा नाही, कंपाउंडर तिथंच औषध घोटत उभा असतो. डॉक्टर काही न सांगता लुगडं सरकवतात आणि पोट इतकं दाबतात की डोळ्यांत पाणी येतं. विचारतात मात्र सासूबाईंना. त्या म्हणतात, सगळं बेस हाय. मी दोघांच्या मधे पडून असते. मला फार लाज वाटते, आणि रागही येतो.

आठ दिवसांपासून डोकं ठणकतं, पाय सुजलेत, डोळ्यांपुढं ठिपके येतात. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की पुन्हा त्याच टेबलावर. उद्या जावंच लागेल, पण पुढच्या सोमवारी काही तरी निमित्त काढून जाणारच नाही.

तूच सासूबाईंना लिही ना. त्यांना अक्षर येत नाही, तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. तू शाळेतली बाई, तुझ्या शब्दाला इथं मान आहे. मी नुसती वाचीन.

लोभ आहे तो वाढू दे.
तुझी जयवंता

अमरावती
७ नोव्हेंबर १९६२

चि. सौ. जयवंतास अनेक आशीर्वाद.

दोन कागद पाठवते आहे. हा तुझा, एकटीनं वाच. दुसरा सासूबाईंना वाचून दाखव. त्यात मधे चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. त्या मी भरणार नाही. मी लिहिलं तर सासूबाई मला उत्तर देतील आणि तू पुन्हा मधेच पडून राहशील. शाळेत गुरुजींनी पट्टी उगारली तरी तुझं तोंड बंद व्हायचं नाही. ते तोंड सासरी जाताना माझ्याकडे विसरलीस का?

डोळ्यांचं मात्र एक दिवसही लपवू नकोस. आमच्या शेजारच्या पार्बताबाईंची सून असंच अंगावर काढत राहिली आणि झटके येऊन पडली. ती वाचली, मूल नाही. मला भीती वाटते म्हणून स्पष्ट लिहिते.

सोमवार चुकवू नकोस.
तुझी ताई

(दुसरा कागद)

ती. भागीरथाबाईंस मैनाचा जयभीम. इकडे सर्व ठीक. आम्हाला आई नाही, तरी जयवंता तुमच्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त असते. तिच्या तब्येतीविषयी सांगायचं ते असं:

. . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . .

तुम्ही योग्य तेच कराल.

अकोला, मोठा दवाखाना
१४ नोव्हेंबर १९६२

ती. ताईस सप्रेम जयभीम.

घाबरू नकोस, खाटेवर बसून लिहिते आहे.

रविवारी तुझा कागद वाचायला घेतला. ‘ते असं’ इथपर्यंत आले आणि जीभ अडली. सासूबाई म्हणाल्या, वाच ना पुढं, कावून थांबली. मग मी कोऱ्या जागेवर डोळे लावून सगळं सांगितलं. पडदा, कंपाउंडर, दाबणं, डोकं, ठिपके. चारच ओळी होत्या, मी चाळीस वाचल्या असतील.

त्यांनी कागद हातात घेतला. अक्षर येत नसलं तरी शाई कुठं आहे नि कुठं नाही ते त्यांना दिसतं. कोऱ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, की इथं तं काहीच नाही, मंग हे कोण बोललं. मी म्हटलं, मी.

सोमवारी त्यांनी पिशवीत जुनं लुगडं घेतलं. दवाखान्यात टेबलापुढं स्वतः दोरी बांधून ते पडद्यासारखं टाकलं आणि कंपाउंडरला बाहेर बसवलं. डॉक्टर चिडले, म्हणाले की आजवर कोणी तक्रार केली नाही. मग त्यांनी सवयीनं सासूबाईंकडेच माझी विचारपूस केली. सासूबाई म्हणाल्या, तिले इचारा. मी सगळं सांगितलं, हात लावण्याआधी सांगत जा असंही सांगितलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, तो फार वाढला होता, आणि चिठ्ठी देऊन मला इथं पाठवलं. आता अळणी जेवण आणि पडून राहणं. ठिपके कमी झालेत.

लुगडं परत आणायला गेल्या तर बाकावरच्या बायांनी सासूबाईंना ते काढू दिलं नाही.

असाच लोभ राहू दे.
तुझी जयवंता

अकोला
२८ जानेवारी १९६३

मैनाबाईले भागीरथाचा जयभीम.

मी सांगून राहिली, सून लिहून राहिली. पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. पोरगी लय रडते, रडू द्या.

तुमचा तो कागद मी पेटीत ठेवला. माह्या थोरल्याच्या वेळेस दाईनं माह्ये लय हाल केले. मले बोलता येत नव्हतं असं नाही. कोणी इचारलंच नाही. मंग मी बी सुनेले इचारलं नाही. ते चुकलं माह्यं.

खाली चार ओळी कोऱ्या सोडाले लावल्या. सून म्हणते, सांगा, लिहितो. मी म्हणलं, राहू दे. तुमी बारशाले या, मी तोंडानं सांगतो. तीस वर्सं झाले, कोणाले सांगतलं नाही.

माया ठेवा.
भागीरथा (अंगठा)

. . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . .